शेवटी चढतं ते स्टूल

थोरलीच्या तोंडी कायम एकच वाक्य. "त्यात काय एवढं!" कपाट जिन्याच्या वळणात अडकलं, त्यात काय एवढं. भर रस्त्यात ट्रकचं चाक बसलं, त्यात काय एवढं. बापाचा धंदा लोकांची घरं हलवायचा, दोन ट्रक आणि खांद्याला पट्टे बांधलेली मोजकी माणसं, आणि ही शाळा सुटल्या सुटल्या दप्तर टाकून त्या धंद्यात उतरलेली. मुलीच्या जातीला हे काम शोभतं का, असं म्हणणारे काही कमी नव्हते. त्यातल्या निम्म्यांचे फ्रीज पुढे हिनेच उतरवले. तेव्हा त्या दिवशी सकाळी खिशात पेनड्राइव्ह टाकून ती ऑफिसात शिरली, ती याच तोऱ्यात. अख्खी घरं हलवते मी, एक फोल्डर हलवायचा तर त्यात काय एवढं!

ऑफिस म्हणजे गोदामाच्या तोंडाशी काचा लावून केलेली एक खोली. एक टेबल, त्यावर विंडोजचा जुना संगणक, भिंतीला पट्टे आणि दोर टांगलेले, पाहुण्यांसाठी पाठ असलेली एकुलती एक खुर्ची, आणि दाराशी बाबांचं लाकडी स्टूल. संगणक धाकट्याच्या ताब्यात. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. दिवसा ट्रक चालवायचा आणि उरलेल्या वेळात बिलं करायचा, म्हणजे बिलाची खिडकी उघडी ठेवून तिच्यामागे पत्ते खेळायचा.

बाबांचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बाबा गिऱ्हाइकाच्या घरातून एक चक्कर मारायचे, हात पाठीमागे बांधून, तोंडातून अवाक्षर नाही. बाहेर येऊन सांगायचे, लहान गाडी की मोठी. मग गाडीच्या मागच्या दाराशी स्टूल टाकून बसायचे आणि एकेक वस्तू पुकारायचे. आधी कपाट. आता गाद्या. तो आरसा गाद्यांच्या मधे, उभा. पुकारतील ते तस्सं बसायचं, आणि शेवटी जागा उरायची ती फक्त त्या स्टुलापुरती. स्टूल सगळ्यांच्या शेवटी चढायचं आणि नव्या घरी सगळ्यांच्या आधी उतरायचं. त्याला पाठ का नाही असं कोणी विचारलं, की म्हणायचे, "गाडी भरणाऱ्याला टेकायची सोय असू नये. टेकला की पेंगला."

आणि अशा माणसाचे डोळे गेले. अगदी काळोख नाही झाला, पण चालताना हातात काठी आली. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. त्यामुळे बाबांना कोणाचं तोंड बघायचं असलं की ते त्याच्या कानाकडे बघत. महिन्याभरापूर्वी एका घरचं टेबल गाडीत मावलंच नाही, फुटपाथवर उभं राहिलं, आणि त्यांच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा दुसरी खेप करावी लागली. बाबाच म्हणाले, "बस्स झालं." आणि ज्या मोठ्या कंपनीचा साहेब कधीपासून ट्रक विकत मागत होता, त्याला त्यांनी आज दुपारी बोलावून घेतलं.

कंपनीचं म्हणणं गोड होतं. ट्रकांना आमचा रंग देऊ, धाकट्याला ड्रायव्हर ठेवू, माणसांना ठेवू, आणि ताईंना ऑफिसात फोन घ्यायला बसवू. हे शेवटचं ऐकल्यापासून थोरलीच्या डोक्यात जाळ झाला होता. फोन घ्यायला! जिन्याच्या नुसत्या आवाजावरून तो किती रुंद आहे ते सांगणारी बाई, तिने फोन घ्यायचा आणि "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" म्हणायचं!

पण ती नुसती जळत बसणाऱ्यांतली नव्हती. बाबांचे डोळे अधू व्हायला लागले तेव्हाच तिने संध्याकाळचा एक वर्ग धरला आणि पायथन शिकली. पायथन म्हणजे संगणकाला काम सांगायची एक भाषा. नवऱ्याच्या लॅपटॉपवर बसून तिने एक प्रोग्रॅम लिहिला. वस्तूंची मापं आणि वजनं एक्सेलच्या तक्त्यात भरायची, गाडी कुठली ते सांगायचं, की तो गाडीचं चित्र काढून दाखवतो, पहिलं काय चढवायचं, त्यावर काय, त्याला टेकून काय. बाबांचे सगळे नियम तिने त्यात घातले होते. कोणी शिकवले नव्हते. इतकी वर्षं बाबांनी पुकारलेलं तिच्याच खांद्यावरून गेलं होतं.

बाबांनी ऐकून घेतलं आणि अट घातली. रविवारी एक संगीतशाळा हलवायची होती. "मी तिथे चक्कर मारलीय. दिसलं नाही ते हाताने चाचपलंय. गाडी माझ्या डोक्यात भरलेली आहे. तुझं यंत्र काय भरतंय ते मला पुकारून दाखव. पटलं तर साहेबाला नाही म्हणतो. नाही पटलं तर सही करतो आणि तू कुरकुर करायची नाहीस. आणि इथे दाखवायचं, ऑफिसात. जावईबापूंच्या लॅपटॉपवर धंदा चालवणार आहेस का? उद्या त्यांची बदली झाली तर धंदापण बदलीवर जाणार?"

यात खोट काढायला जागा नव्हती. लॅपटॉप तसाही नवरा रोज सकाळी कामावर घेऊन जायचा. म्हणून तिने सगळा फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकला, तक्ता, प्रोग्रॅम, आणि वर्गात शिकवल्याप्रमाणे त्या प्रोग्रॅमसाठी केलेली वेगळी खोली, म्हणजे त्याला लागणारं सगळं एकत्र ठेवायचा संगणकातला एक कप्पा, सगळं आतल्या चमच्या-वाट्यांसकट.

"ऊठ," ती धाकट्याला म्हणाली.

"अगं ताई, बिलं चाललीत."

"राजा पडलाय तुझा, राणी लाव आणि ऊठ."

तिने फोल्डर संगणकावर उतरवला आणि बाबांना ऐकू जाईल अशा बेताने प्रोग्रॅम सुरू करायच्या फाइलवर खणखणीत दोनदा क्लिक केलं. काळी खिडकी उघडली. तीत एक ओळ आली, आणि पुढे काहीच नाही. पायथन सापडला नाही, म्हणे.

तिने परत केलं. परत तेच. जरा जोर लावून केलं, जणू माउस जोराने दाबला तर आत कोणी दचकून जागं होईल.

"झालं?" बाबांनी दाराशी बसल्या बसल्या विचारलं.

"होतंय."

"नाचता येईना अंगण वाकडं," धाकटा पुटपुटला. "काल घरी चालत होतं ना?"

"काल घरी पळत होतं!"

धाकट्याचंही चूक नव्हतं म्हणा. पाठदुखी सुरू झालेली, घरी बायको म्हणायची पक्का पगार बरा. त्याला कंपनी नको होती असं नाही आणि हवी होती असंही नाही. त्याचं आपलं तळ्यात-मळ्यात. पण त्याच्या तोंडचा तो "घरी" शब्द थोरलीला लागला. आपण इथे बसून चाचपडतोय, बाबा कान देऊन ऐकतायत, आणि दुपारी साहेब सही घेऊन जाणार. मग तिने जे आधीच करायला हवं होतं ते केलं. ती ओळ नीट वाचली.

पायथन अमुक ठिकाणी सापडला नाही, असं ओळ सांगत होती, आणि पुढे ते ठिकाण दिलं होतं. सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात तिच्या नवऱ्याचं नाव, आणि मग फोल्डरांची लांबलचक रांग.

"अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली, "हे इथे काय करतायत?"

"कोण?" धाकट्याने दाराकडे बघितलं.

"तुझे भावोजी!" आणि तिला जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. कळलं होतं तिला. ती खोली नवऱ्याच्या लॅपटॉपवर बांधलेली, तिथल्या पायथनला खिळे मारून जोडलेली, आणि पत्ताही तिथलाच लिहिलेला. हिने ती भिंतींसकट उपटली आणि इथे आणून उभी केली. आता ती बिचारी इथे उभी राहून तिथल्या पायथनला हाका मारतेय! दुसऱ्या कोणी ही चूक केली नसती. दुसऱ्या कोणाला अख्खं उचलून न्यायची इतकी खोड नसती.

"बाबा, घर हलवताना तुमचा पहिला नियम काय?"

"सामान हलवायचं, भिंती नाही," बाबा म्हणाले. "ठोकलेलं काही न्यायचं नाही. तिकडे गेल्यावर नवीन ठोकायचं."

"मी भिंती घेऊन आले."

बाबा तिच्या कानाकडे बघत राहिले. "मग आता?"

"आता नवीन ठोकते. त्यात काय एवढं!"

आणि ती कामाला लागली. आधी या संगणकावर पायथन आहे का ते बघायला तिने पॉवरशेलची, म्हणजे संगणकाला लेखी हुकूम सोडायची, खिडकी उघडून त्यात पायथनचं नाव टाइप केलं. त्याबरोबर विंडोजचं ॲपचं दुकान उघडून समोर आलं. धाकटा खूश. "हे बघ, आहे की! घे इथूनच."

"म्हणजे घरात नाही, म्हणून बाजार दाखवतोय तो. राहू दे. मी मूळ ठिकाणाहून घेते." तिने दुकान बंद केलं, पायथनच्या स्वतःच्या साइटवर गेली, विंडोजसाठीची फाइल उतरवून घेतली आणि चालू केली. पहिल्याच पाटीवर मोठं बटण होतं, बसवा म्हणून. धाकट्याचा हात लगेच माउसकडे गेला. तिने त्यावर चापट मारली.

"थांब. हे खालचं बघ."

खाली कोपऱ्यात एक बारकी चौकट होती, रिकामी. पायथन पाथमध्ये, म्हणजे संगणक ज्या यादीत पत्ते शोधतो तीत, जोडायचा का, असं विचारणारी. "हिच्यात खूण केली नाही ना, तर पायथन या घरात राहायला येईल, पण दारावर पाटी लागणार नाही. मग मारत बस हाका." तिने खूण केली आणि मग मोठं बटण दाबलं.

बसवून झाल्यावर तिने त्याच उघड्या खिडकीत परत नाव टाकलं, आणि परत दुकान उघडलं. धाकटा हसायच्या बेतात होता. "ही खिडकी पाटी लागायच्या आधी उघडलेली," ती म्हणाली, ती बंद करून नवीन उघडली, आणि नवीनमध्ये पायथनने मुकाट्याने आपलं नाव-आवृत्ती सांगितली. धाकट्याचं हसू तोंडातच राहिलं.

मग तिने प्रोग्रॅमच्या फोल्डरातली जुनी खोली बाजूला काढून ठेवली आणि तिथेच नवी बांधायला सांगितली. एका ओळीचं काम. पण नव्या खोलीचं दार उघडायला गेली, तर लालभडक अक्षरांचा ढीग कोसळला. या संगणकावर स्क्रिप्ट चालवायला मनाई आहे, वगैरे वगैरे.

"ताई, बिघडवलास तू! माझी बिलं आहेत त्यात!"

"ओरडू नकोस. लाल दिसलं की बोंब मारलीच पाहिजे का? फाटकावरचा रखवालदार आहे हा. आपण कुठल्या सोसायटीत गाडी घातली की आधी काय होतं?"

"अडवतात."

"मग तू भांडतोस का?"

"पास दाखवतो."

"हं." तिने परवानगीची ओळ टाइप केली, फक्त आपल्यापुरती, सगळ्या संगणकाला मोकळं रान नाही. दार उघडलं. ओळीच्या सुरुवातीला कंसात नव्या खोलीचं नाव उमटलं, आणि तिचा अर्धा जीव भांड्यात पडला.

उरलेला अर्धा पडायच्या आतच साहेब आला. दुपारचं सांगून सकाळीच! अशा माणसांना वाटतं, लवकर गेलं की समोरचा घाबरतो. इस्त्रीचा शर्ट, हातात चामड्याची बॅग, आणि तोंडावर कायम ठेवणीतलं हसू. पाठ असलेली एकुलती एक खुर्ची त्याने न विचारता ओढली आणि ऐसपैस टेकून बसला.

"मग काका, करायचं ना?" तो म्हणाला.

"लेकीचं काम चाललंय. थांबा," बाबा म्हणाले.

"ताई संगणकावर? वा! आमच्याकडे मोठमोठी सॉफ्टवेअर आहेत बरं का. ताईंना हे कष्टच पडणार नाहीत."

थोरली नाकासमोर बघत राहिली. तिच्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर दोन ओळी होत्या, बाहेरून कुठली हत्यारं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार प्रोग्रॅम, लागतात ते सांगणाऱ्या. एक तक्ता वाचणारं, एक चित्र काढणारं. तिने दोन्ही मागवली. एकेक पट्टी हळूहळू भरत चालली, साहेबाने दोनदा घड्याळ बघितलं, धाकटा नखं खात होता. आता गंमत बघा, मघाशी अंगण वाकडं म्हणणारा हाच.

हत्यारं आली. तिने प्रोग्रॅम चालवला, आणि तो पुन्हा अडला. पण या वेळी ती पुन्हा पुन्हा क्लिक करत बसली नाही. तिने ओळ वाचली. तक्ता वाचणारं हत्यार म्हणत होतं, मी वाचतो, पण एक्सेलची फाइल उघडायला माझा एक जोडीदार लागतो, तो कुठे आहे?

"पलंगाचा पाना," ती म्हणाली. "पलंग आणला, फळ्या आणल्या, पाना राहिला." तिने बाजूला ठेवलेल्या जुन्या खोलीत डोकावून तिथे कोण कोण राहत होतं ते बघितलं, जोडीदाराचं नाव सापडलं, त्यालाही बोलावून घेतलं, आणि पुन्हा चालवलं.

पडद्यावर ट्रक उमटला. एकेक रंगीत ठोकळा आत जाऊन बसत गेला.

"बाबा, भरली गाडी."

बाबांनी स्टूल जागच्या जागी फिरवलं, पडद्याकडे नाही, भिंतीकडे तोंड करून, आणि डोळे मिटले. "पुकार."

"मोठा पियानो. पाय काढून, सरळ कडेवर उभा, फळीवर बांधून. डावी भिंत, अगदी पुढे."

"हं."

"दोन उभे पियानो. उजवी भिंत, एकामागे एक. पट्टा प्रत्येकाला वेगळा."

"हं. वजन सारखं झालं. आरसे?"

"नाचाच्या खोलीतले आरसे उभे, डाव्या बाजूला, गाद्यांच्या मधे. आडवा एकही नाही."

"मग कपाटं."

"मग कपाटं. मग ढोलकं-तबले पेट्यांत, पेट्या कपाटांच्या पायाशी. खुर्च्या एकात एक."

बाबांचे ओठ हलत होते. त्यांच्याही डोक्यात गाडी भरत होती, आणि आतापर्यंत दोन्ही गाड्या एकीवर एक ठेवल्यासारख्या जुळत होत्या. साहेब मधेच काही बोलायला गेला, तर धाकट्यानेच त्याला हाताने गप्प केलं.

"आता वह्या ठेवायचे ते लोखंडी स्टँड," बाबा म्हणाले. "उजवीकडे, दाराजवळ. उभे."

"नाही," थोरली म्हणाली.

बाबांनी मान तिच्या आवाजाकडे वळवली.

"नाही म्हणजे?"

"स्टँड दाराजवळ नाहीत. कपाटांच्या पोटात."

"भरलेलं कपाट कोणी उचलतं का?" बाबांचा आवाज चढला. "माणसांच्या पाठी मोडायच्यात? एवढी वर्षं काय शिकलीस तू!"

"उचलताना कपाट रिकामंच. गाडीत चढलं, पट्टा बांधला, की मग दार उघडून स्टँड आत. तिकडे उतरवताना आधी स्टँड बाहेर, मग कपाट."

बाबांनी हवेतच हाताने कपाटाचं दार उघडल्यासारखं केलं. साहेबाने बॅगेचं कुलूप खट्कन उघडलं. मग बाबांनी मान हलवायला सुरुवात केली, आधी हळू, मग जोरात. "हे मी का नाही कधी केलं?"

"तुम्हाला घाई असायची. तुम्ही पुकारायचात आणि आम्ही पळायचो. कोणाची बिशाद होती मधे बोलायची?"

"खरंय," बाबा म्हणाले, आणि हसले. "मग दाराजवळ जागा उरली असेल."

"उरलीय."

"आणि शेवटी?"

"शेवटी तुमचं स्टूल. तक्त्यात पहिलीच ओळ त्याची घातलीय मी. कुठलीही गाडी असो, काहीही भरा, ते शेवटी चढणार आणि आधी उतरणार. त्याची जागा बदलायची सोयच ठेवली नाही प्रोग्रॅममध्ये."

बाबांनी डोळे उघडले. उघडून उपयोग नव्हता तरी उघडले. ते काठी न घेता उठले, स्टुलावर हात फिरवला, आणि मग पायाने ते हळूच टेबलाकडे, तिच्याकडे सरकवलं.

"मला वाटायचं, माझं डोकं अख्खं उचलून तुला देता आलं पाहिजे," ते म्हणाले. "ते जमेना म्हणून विकायला निघालो होतो. येडा मी. तू आपली नवीनच बांधून बसलीयस की!" त्यांनी पायाने स्टूल आणखी थोडं पुढे ढकललं. "स्टूल आता तुझं. रविवारी त्यावर बसून तू पुकारायचं. मी येणार. पण मला टेकायला लागेल, पाठ असलेली खुर्ची. माझ्या खुर्चीला जागा आहे का ते विचार तुझ्या यंत्राला."

थोरलीला समोरचं नीट दिसेना. तिने मनगटाने डोळे पुसले, तक्त्यात खाली नवीन ओळ काढली, तीत 'बाबांची खुर्ची' असं टाइप केलं, आणि पुढच्या रिकाम्या चौकटींशी येऊन थांबली. उंची. रुंदी. खोली.

धाकट्याला बरोबर कळलं. त्याने न सांगता भिंतीवरची मापाची टेप काढली आणि ओढून तयार धरली.

"साहेब," थोरली म्हणाली, "जरा उठता का? त्या खुर्चीचं माप घ्यायचंय."